उंबरठ्यावर आणि स्टेजखाली

राजाच्या दारात कवी उपाशी पडला आहे. राज्यकारभाराच्या बैठकीत कवीचं काय काम, असं धर्मगुरू, सरदार आणि कायदे करणाऱ्यांनी राजाच्या मनात भरवलं आणि त्याने या कवीला, शॅनहनला, मानाच्या जागेवरून उठवलं. ही गोष्ट आयरिश कवी येट्सच्या ‘द किंग्ज थ्रेशोल्ड’ या नाटकातली; ते १९०३ मध्ये डब्लिनला रंगभूमीवर आलं. ज्याने अन्याय केला त्याच्या दारात उपाशी बसायचं, ही आयर्लंडची जुनी रीत. आपण त्यालाच धरणं धरणं म्हणतो. मूळ नाटकात राजा नमतो. पण १९२० मध्ये आयरिश स्वातंत्र्यलढ्यातले टेरेन्स मॅक्स्विनी इंग्रजांच्या तुरुंगात ७४ दिवसांच्या उपोषणानंतर गेले आणि पुढे येट्सने शेवट बदलला. शॅनहन मरतो.

सातपुड्याच्या पायथ्याशी कवीच्या जागेचा हाच प्रश्न वेगळ्या जागेवरून विचारला गेला.

१९७२ मध्ये शहादा-तळोदा भागात श्रमिक संघटना उभी राहिली. हातच्या गेलेल्या जमिनी, सालदारांची मजुरी, पाटलांची दहशत यांविरुद्धचा तो लढा. भिल्ल समाजातले वाहरू सोनवणे त्यातलेच कार्यकर्ते आणि कवी. त्यांचा ‘गोधड’ हा संग्रह १९८७ चा. त्यांच्या ‘स्टेज’ या कवितेत आदिवासी खाली बसले आहेत आणि वरची माणसं त्यांना त्यांचंच दुःख समजावून सांगताहेत. वरचे वैरी असते तर एवढं झोंबलं नसतं. ते कैवारी आहेत.

शॅनहनला राजाशेजारची जागा हवी होती. ती मिळाली, तरी उंबरठ्याबाहेरचे बाहेरच राहतात. वाहरूंचं मागणं त्याहून मूलभूत वाटतं: ज्याची वेदना, त्याच्याच तोंडी तिचे शब्द असावेत. १९९० मध्ये पालघरच्या आदिवासी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. स्टेजवर उभं राहून त्यांनी बाजू मांडली ती कागदावर न उतरलेल्या, तोंडोतोंडी जगलेल्या साहित्याची.

ते साहित्य आजही ऐकायला मिळतं. सातपुड्यातल्या पावरा आदिवासी समाजात इंदल पूजा असली की कळंबाची फांदी रोवतात. माणसं जमतात, पुजारा गायला बसतो आणि रात्रभर गाऊन एकेका देवाला बोलावतो. फांदीभोवतीच्या त्याच जमिनीवर तो बसलेला असतो, आणि ऐकणारेही तिथेच, उजाडेपर्यंत.