पाकोळीचें घरटें

खाद्याखाद्याचा विचार आमच्या समाजांत फार जुना आहे. परंतु तो बहुतेक ‘काय खावें’ या एकाच प्रश्नाभोंवतीं घुटमळत राहिला आहे. जें खावयाचें तें कोणापासून घेतलें, केव्हां घेतलें आणि किती घाईनें घेतलें, हें पंक्तीस बसल्यावर सहसा कोणी विचारीत नाहीं. आमच्यावर तें विचारण्याची पाळी एका वाडग्यामुळें आली.

आमचा एक भाचा सिंगापुरांत नोकरीस आहे. त्याच्या घरीं आम्ही गेलों असतां त्याची पत्नी नुकतीच बाळंत झाली होती. शेजारच्या एका वृद्ध चिनी बाईंनीं झांकलेलें चिनी मातीचें पात्र आणून दिलें. आंत कोंबडीच्या नितळ रश्श्यांत शिजविलेलें पक्ष्याचें घरटें होतें. बाळंतिणीस आणि दुखण्यांतून उठलेल्यास तें देण्याची त्या लोकांत चाल आहे. आपल्याकडे अळिवाचे व डिंकाचे लाडू देतात, तशीच. घर शाकाहारी असल्यामुळें नम्रपणें नकार देतां आला. पण बाईंची माया अशी कीं, दुसऱ्या दिवशीं त्यांनीं तेंच घरटें अळंबीच्या रश्श्यांत शिजवून आणलें. आतां कोंबडीची सबब उरली नाहीं. उरलें तें केवळ घरटें, आणि घरटें खावें कीं खाऊं नये याविषयीं आमच्या घराण्याच्या आचारांत एक अक्षरहि नव्हतें.

हें घरटें काड्यांचें नसतें. आग्नेय आशियांतील एका जातीची पाकोळी आपल्या जिभेखालच्या ग्रंथींतून पाझरणाऱ्या लाळेचे धागे गुहेच्या भिंतीवर ओढते. ते वाळून पांढरी शुभ्र अर्धवाटी तयार होते. हें काम मुख्यतः नर करितो आणि त्यास महिनाभर तरी लागतो. त्या वाटींत मादी बहुधा दोन अंडीं घालते. अंधारांत वाट काढावी म्हणून हा पक्षी चटचट असा आवाज करितो व त्याच्या प्रतिध्वनीवरून भिंत ओळखतो. अशा काळोखांत, वेताच्या शिड्या व दोर लावून, शेंकडों फूट उंचीवर माणूस त्या वाटीसाठीं चढतो.

लाळ म्हटल्याबरोबर आमच्या वाचकांपैकीं कित्येकांनीं नाक मुरडलें असेल. पण उष्ट्याचा मुद्दा येथें टिकत नाहीं. दूध हें वासराचें उष्टें, मध ही माशीची ओकारी, रेशीम हें मेलेल्या किड्याचें वस्त्र, आणि तरीहि हीं पवित्र, असें आपल्याच एका जुन्या श्लोकांत मोठ्या कौतुकानें सांगितलें आहे. मधाचें पंचामृत घेणाऱ्यानें पाकोळीच्या लाळेवर अमंगळपणाचा आरोप करूं नये.

खरा आक्षेप निराळा आहे. बोर्निओच्या साबा प्रांतांत गोमांतोंग येथें प्रसिद्ध गुहा आहेत. तेथें वर्षांतून दोनदां घरटीं काढण्याची रीत आहे: एकदां अंडीं घालण्यापूर्वीं, आणि पुन्हां पिलें उडून गेल्यावर. दुसऱ्या खेपेस घेतलेल्या घरट्यांविषयीं आम्हांस कांहींच म्हणावयाचें नाहीं. घर सोडून गेलेल्याचें घर तें. पहिल्या खेपेस मात्र कोणाचाहि जीव जात नसला तरी महिन्याभराची मेहनत जाते, आणि तो पक्षी पुन्हां पहिल्या धाग्यापासून आरंभ करितो. ही हिंसा म्हणावी काय? अहिंसेच्या नेहमींच्या व्याख्येंत ती बसत नाहीं. पण ज्या मजुराची मजुरी बुडविली त्याला आपण मारलें नाहीं, एवढ्यावरून आपण निर्दोष ठरतों असें कोणी मानीत नाहीं. आणि चोराला ही रीतहि नको असते; अंडीं असोत वा पिलें असोत, तो त्यांना खालीं टाकून घरटें घेऊन जातो.

बरें, एवढें करून चव काय मिळते? जवळजवळ कांहींच नाहीं. घरटें कित्येक तास भिजवावयाचें, चिमट्यानें त्यांतील एकेक पीस वेंचावयाचें, मग वाफेवर शिजवावयाचें. जी गोडी येते ती रश्श्याची. युआन मेई या चिनी कवीनें १७९२ सालीं पाकशास्त्रावर ग्रंथ लिहिला, त्यांत त्यानें घरटें कोंबडीच्या, मांसाच्या व अळंबीच्या निवळ रश्श्यांत कसें शिजवावें तें मोठ्या आस्थेनें सांगितलें आहे. याच रसिकानें कानांनीं जेवणाऱ्यांची, म्हणजे पदार्थाच्या नांवावर आणि किंमतीवर जेवणाऱ्यांची, यथेच्छ टर उडविली आहे. एका अधिकाऱ्याकडे त्याला रांजणाएवढ्या पात्रांत नुसतें उकडलेलें घरटें वाढण्यांत आलें. इतर पाहुणे वाहवा करूं लागले, तेव्हां हा म्हणाला कीं, आपण घरटें खावयास आलों आहोंत, घरट्यांचा व्यापार करावयास नव्हे. त्यापेक्षां वाडग्यांत शंभर मोतीं घालून ठेवलेलीं काय वाईट, असेंहि त्यानें पुढें विचारलें आहे. आमच्या लग्नसमारंभांतील सोन्याचांदीच्या वर्खाची मिठाई पाहून आम्हांस या गृहस्थाची वारंवार आठवण होते.

मागणी मोत्यांची असली कीं काय होतें, तें पाहण्यास चीनपर्यंत जावें लागत नाहीं. वेंगुर्ल्यासमोर समुद्रांत जे खडक आहेत, तेथील एका बेटाच्या गुहेंत भारतीय पाकोळीची वसाहत आहे. तिच्या घरट्यांत शेवाळ व पिसें मिसळलेलीं असल्यानें तीं हलक्या प्रतीचीं. तरीहि त्यांची चोरी होत असल्याचें या शतकाच्या आरंभीं उघडकीस आलें, आणि चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेनें संरक्षणाचें काम हातीं घेतलें. अंदमानांत तर पांढऱ्या घरट्यांसाठीं गुहाच्या गुहा ओस पडल्या होत्या. तेथें पक्षिशास्त्रज्ञ रवी शंकरन यांनीं (मृत्यु २००९) जो मार्ग काढला तो आम्हांस फार विचार करण्यासारखा वाटतो. जीं माणसें घरटीं काढीत, त्यांनाच त्यांनीं गुहांचे राखणदार केलें. पिलें उडून जाईपर्यंत घरट्यास हात लावावयाचा नाहीं, ही अट. लोभ मेला नाहीं, त्याला थांबावयास शिकविलें. कडक निषेधापेक्षां यांत नीति कमी आहे असें कोणी म्हणेल. आम्ही म्हणणार नाहीं. इंडोनेशिया-मलेशियांत लोक पाकोळ्यांसाठीं मजल्यांच्या इमारती बांधतात व आंत ध्वनिमुद्रित कूजन वाजवून त्यांना बोलावतात. पक्षी मोकळा येतो, मोकळा जातो. मात्र तेथेंहि मालक थांबतो कीं नाहीं, हें वाडग्याकडे पाहून कळत नाहीं.

तेंच आमच्या सुनेनें तिसऱ्या दिवशीं बाईंना विचारलें: हें घरटें पिलें गेल्यावर काढलेलें कीं आधीं? बाई चकित झाल्या. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणीं केला नव्हता. मलेशियांत नात्यांतल्या एकाची तशी इमारत आहे, त्याला विचारतें, असें म्हणून त्या गेल्या. आणि संध्याकाळीं, तो थांबतो असें म्हणतो, एवढें सांगून गेल्या. सुनेनें अर्धा वाडगा घेतला. उरलेला आमच्याकडे आला. आम्हांस अळंबीची चव लागली. घरट्याची वेगळी अशी लागली नाहीं. पात्र रिकामें परत करूं नये म्हणून सुनेनें त्यांत अळिवाचे चार लाडू घालून पाठविले.