उंचावरची समदृष्टी

समदृष्टी हा शब्द आम्ही कीर्तनकार उठता-बसता वापरतो. इतका, की तो झिजून गुळगुळीत झाला आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरी एका तरुणाने त्याचा अर्थ आम्हांस नव्याने विचारला, म्हणून हे चार शब्द.

न्यू जर्सीतील मराठी मंडळींच्या आग्रहावरून आम्ही तिकडे गेलो होतो. मंडळी हडसन नदीपलीकडे एम्पायर स्टेट बिल्डिंग दाखवावयास घेऊन गेली. १०२ मजल्यांची ही इमारत. मार्च १९३० मध्ये काम सुरू झाले आणि १ मे १९३१ रोजी उद्घाटन. चौदा महिनेही लागले नाहीत. लिफ्ट मिनिटभरात ८० व्या मजल्यावर नेते, तेथून पुढे ८६ व्या मजल्यावर मोकळा सज्जा आहे, जमिनीपासून ३२० मीटर उंच. कानांना दडे बसतात. वारा असा, की फेट्यावर हात ठेवूनच उभे राहावे लागले. दोहों बाजूंना नद्या, खाली दोरीने आखल्यासारखे रस्ते, पिवळ्या टॅक्स्या हरभऱ्याच्या डाळीएवढ्या. शोभा खरीच, खोटे कशाला बोलावे?

तो तरुण म्हणाला, "बुवा, येथून राव-रंक सगळे सारखेच दिसतात. हीच ना तुमची समदृष्टी?"

बरोबरच्यांनी माना डोलावल्या. आम्ही म्हणालो, "बाळा, सारखे कसले दिसतात? येथून ते दिसतच नाहीत!"

गीतेच्या पाचव्या अध्यायात भगवंतांनी समदर्शी पंडिताचे लक्षण सांगितले, ते एकेकाचे नाव घेऊन: विद्याविनयसंपन्न ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि श्वपाक. ज्याला हत्ती कोणता नि कुत्रा कोणता हे कळत नाही, त्याने आधी डोळे वैद्यास दाखवावेत! भेद डोळ्यांना पुरता दिसावा आणि तरी आदर रतीभर उणा होऊ नये, अशी ती कसोटी आहे.

ही इमारत उघडली तो काळ भयंकर मंदीचा. जागा भाड्याने जाईनात. लोक थट्टेने तिला रिकामी इमारत म्हणू लागले. पण सज्ज्यावर मात्र गर्दी! पहिल्या वर्षी तेथल्या तिकिटांचे उत्पन्न भाड्याच्या उत्पन्नाएवढे झाले. त्याच दिवसांत, त्याच शहरात, बेकार माणसे फुकटच्या पावासाठी रस्त्यावर रांगा लावून उभी असत. वरच्या माणसाने खाली नजर टाकली असेल, तर तिकिटाची रांग आणि पावाची रांग त्याला अगदी सारखी दिसली असेल. हिला समदृष्टी म्हणावयाचे काय?

नाथमहाराजांची कथा आपणांस ठाऊकच आहे. रामेश्वरासाठी आणलेले गंगोदक त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले. गाढवाची कोरडी जीभ दिसावी इतके ते जवळ गेले होते, हे कथा सांगताना आमच्यातील पुष्कळजण सांगावयाचे विसरतात.

उंचीला आम्ही बोल लावीत नाही. ही इमारत उभी राहत असता लुईस हाइन नावाचा छायाचित्रकार टोपलीत बसून हवेत लोंबकळला, आणि त्याने टिपले ते लोखंडी तुळया जोडणाऱ्या मजुरांचे चेहरे. तोही उंचावरच होता की!

आपल्याकडे आता आषाढी वारीची चित्रे आकाशातून काढतात. पाहून ऊर भरून येतो. पण पायाला फोड आल्यामुळे मागे राहिलेली म्हातारी त्या चित्रात सापडावयाची नाही. ज्ञानोबारायांच्या पालखीतळावरची सायंकाळची समाज आरती आठवा. चोपदारांनी चोप उंचावला, की एवढा गलबला क्षणात शांत होतो. हरवले-सापडलेले पुकारतात. मात्र ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती टाळ वाजवीतच राहते. एवढ्या समुदायात तेवढाच एक आवाज. मग चोपदार त्या दिंडीपाशी जातात, काय झाले ते ऐकून घेतात, आणि त्यानंतर आरती होते.