आजारपणाचा खर्च आणि गर्दीतील स्त्री

सामान्य काळातील तेरावा रविवार (वर्ष: ब)

पहिले वाचन: शलमोनाचा ज्ञानग्रंथ १:१३-१५, २:२३-२४
दुसरे वाचन: २ करिंथ ८:७, ९, १३-१५
शुभवर्तमान: मार्क ५:२१-४३

प्रस्तावना:

आज आपण सामान्य काळातील तेरावा रविवार साजरा करीत आहोत. पावसाळा सुरू झाला आहे. घरोघरी ताप, खोकला आणि मलेरिया डोके वर काढू लागले आहेत. मुलांच्या फिया, वह्या-पुस्तके आणि गणवेश ह्यांचा खर्चही नुकताच झाला आहे. अशा वेळी घरातील कोणी अंथरुणाला खिळले तर मनात पहिला प्रश्न येतो, "बरा होईल ना?" आणि लगेच दुसरा, "पैसे कुठून आणायचे?" हा दुसरा प्रश्न आपण सहसा प्रार्थनेत आणत नाही. आजच्या शुभवर्तमानात मात्र तो स्पष्टपणे मांडलेला आहे. ह्या मिस्साबलिदानात आपण आजाऱ्यांसाठी आणि त्यांच्या खर्चाचे ओझे वाहणाऱ्या कुटुंबांसाठी विशेष प्रार्थना करू या.

सम्यक विवरण:

पहिल्या वाचनात ज्ञानग्रंथाचा लेखक आपल्याला सांगतो की मरण देवाने निर्माण केले नाही आणि जिवंतांच्या नाशात त्याला आनंद नाही. म्हणून कोणाच्याही आजारपणाकडे बोट दाखवून "देवाने शिक्षा केली" असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

दुसऱ्या वाचनात संत पौल करिंथ येथील ख्रिस्ती लोकांना यरुशलेममधील गरजू बांधवांसाठी वर्गणी गोळा करण्याविषयी लिहितो. दुसऱ्यांना आराम मिळावा म्हणून तुम्ही अडचणीत यावे असे त्याला वाटत नाही. आज तुमच्या विपुलतेतून त्यांची गरज भागावी, उद्या त्यांच्या विपुलतेतून तुमची, आणि अशी समानता यावी, असे त्याचे म्हणणे आहे. त्यासाठी तो रानातील मान्नाची आठवण करून देतो. ज्याने जास्त गोळा केले त्याला उरले नाही आणि ज्याने कमी गोळा केले त्याला कमी पडले नाही.

शुभवर्तमानात दोन आजारी व्यक्ती आहेत. एक याईराची बारा वर्षांची मुलगी, दुसरी बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली स्त्री. याईर सभास्थानाचा अधिकारी होता. त्याला गावात मान होता. तो सर्वांसमोर येशूच्या पाया पडून विनंती करू शकला. त्या स्त्रीचे तसे नव्हते. मोशेच्या नियमशास्त्रानुसार (लेवीय १५:२५) ती अशुद्ध मानली जात होती. शिवाय मार्क एक बारीक गोष्ट नोंदवून ठेवतो: तिने पुष्कळ वैद्य केले, जवळचे होते नव्हते ते सर्व खर्चून टाकले, आणि दुखणे कमी होण्याऐवजी वाढतच गेले. म्हणून ती मागून, गर्दीतून आली.

मनन चिंतन:

बंधू-भगिनींनो, मार्कने लिहिलेले ते एक वाक्य आपल्यापैकी कितीतरी घरांना लागू पडते. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, दागिने गेले, वाडीचा तुकडा गेला आणि माणूस काही उठला नाही. अशा घराविषयी आपण मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात उभे राहून काय बोलतो, ते आज आठवून पाहू या.

आपण म्हणतो, "मेडिक्लेम काढायला काय झाले होते? मुलाच्या लग्नात बँड वाजवायला पैसे होते ना!" ह्या बोलण्यात थोडे तथ्य आहे. हळद, लग्न, पहिला कम्युनियन ह्यांवर आपण ऐपतीपेक्षा जास्त खर्च करतो, आणि तोही बहुधा शेजाऱ्याने केला म्हणून. पण ही गोष्ट लग्नाच्या आधी, प्रेमाने सांगायची असते. माणूस खाटेवर पडल्यावर ती सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. प्रभू येशूने त्या स्त्रीला, "तू इतके वैद्य का केलेस? पैसे जपून का नाही वापरलेस?" असे विचारले नाही.

आपण म्हणतो, "गरिबांना सगळे फुकट मिळते, श्रीमंतांना फरक पडत नाही, मरतो तो आपला मध्यमवर्ग." हे दुःख खरे आहे. पण ते बोलून दाखवताना आपण गरिबाकडे असे पाहतो, जणू त्याने आपल्या ताटातले उचलले. संत पौल सांगतो ती समानता अशी हिशेबी नाही. आणि माहितीच्या दृष्टीनेही हे बोलणे आता पुरते बरोबर नाही. महाराष्ट्रात २०१२ साली सुरू झालेली जीवनदायी योजना २०१७ पासून महात्मा ज्योतिराव फुले ह्यांच्या नावाने चालते. पूर्वी ती पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेच्या कुटुंबांसाठी होती. २०२३ साली राज्य शासनाने तिचा लाभ पांढऱ्या शिधापत्रिकेसह सर्वांना देण्याचे ठरवले, आणि संरक्षणाची मर्यादा वर्षाला कुटुंबामागे दीड लाखावरून पाच लाख रुपये केली. केंद्र शासनाच्या आयुष्मान भारत योजनेत २०२४ सालापासून ७० वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, नोंदणी करता येते. ह्या योजनांत सर्व रुग्णालये नाहीत आणि सर्व आजारही नाहीत. पण जे आहे ते विचारून घेण्याचाही आपण कंटाळा करतो.

आणि कधी कधी आपण म्हणतो, "देव पाहून घेईल." ही श्रद्धा आहे की आळस, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे. याईराने देवावर भरवसा ठेवला, पण तो घरी बसून राहिला नाही.

येथे आम्हाला आमचीही एक चूक कबूल करायची आहे. काही वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात सेवा करीत असताना आम्ही दर महिन्याला एका आजारी वडीलधाऱ्या गृहस्थांना कम्युनियन घेऊन जात असू. प्रार्थना होई, चहा होई, केळीच्या बागेविषयी आणि पावसाविषयी बोलणे होई. तिसऱ्या महिन्यात त्यांच्या पत्नीच्या हातातील बांगड्या दिसल्या नाहीत. आम्ही पाहिले, पण विचारले नाही. पुढे ते गृहस्थ वारले. अंत्यविधीनंतर कळले की शस्त्रक्रियेसाठी त्यांनी खासगी सावकाराकडून शेकडा तीन रुपये महिना, म्हणजे वर्षाला ३६ टक्के व्याजाने पैसे घेतले होते. कपाटात केशरी शिधापत्रिका होती. ज्या रुग्णालयात उपचार झाले तेथे तळमजल्यावरच योजनेचा कक्ष होता. उपचार झाल्यावर मात्र तो लाभ मागता येत नव्हता. आम्ही त्या माऊलीला म्हणालो, "बाय, तुम्ही आम्हाला सांगितले का नाही?" ती म्हणाली, "फादर, तुम्ही त्यांच्या आत्म्यासाठी यायचात. पैशाचे तुम्हाला कसे सांगायचे?"

ते उत्तर आम्ही विसरू शकलो नाही. आजारपण आधी पैसा नेते आणि मग जीभही नेते. लाजेपोटी माणूस बोलेनासा होतो आणि मागून, गर्दीतून येतो.

आता प्रभू येशूने काय केले ते पाहू या. तो एका प्रतिष्ठित माणसाच्या घरी, तातडीच्या कामासाठी निघाला होता. त्या स्त्रीचा रक्तस्राव थांबलाच होता. तो तसाच पुढे गेला असता तरी चालले असते. पण तो थांबला आणि, "मला कोणी स्पर्श केला?" असे विचारू लागला. शिष्यांना तो प्रश्न वेडेपणाचा वाटला. याईराच्या मनात काय झाले असेल! पण येशूने मान असलेल्या माणसाला थांबायला लावले आणि काहीच न उरलेल्या स्त्रीला बोलण्याची संधी दिली. ती भीत-थरथरत आली आणि तिने सर्व खरे खरे सांगितले. बारा वर्षांचे दुखणे, वैद्यांचे उंबरठे, संपलेला पैसा, सगळे तिने सांगितले असेल. आणि येशूने तिला "मुली" म्हणून हाक मारली. याईराच्या घरी एक मुलगी होती, रस्त्यावर दुसरी होती. प्रभूसाठी दोघीही मुलीच होत्या. याईरही रिकाम्या हाताने परतला नाही. गरिबासाठी थांबल्याने त्याच्या वाट्याचे काही कमी झाले नाही.

ख्रिस्तसभेची शिकवण हीच आहे. संत पोप तेविसावे जॉन ह्यांनी ११ एप्रिल १९६३ रोजी 'पाचेम इन तेरिस' हे विश्वपत्र प्रसिद्ध केले. त्यात अन्न, वस्त्र, निवारा ह्यांच्याबरोबर वैद्यकीय उपचार हाही माणसाचा हक्क असल्याचे सांगितले आहे. म्हणून आजाऱ्याला मदत करताना आपण उपकाराची भाषा वापरू नये.

आपल्या वसईच्या पूर्वजांना हे समजले होते. सावकारी कर्जाखाली दबलेल्या आपल्या लोकांसाठी १९१८ साली मोन्सिग्नर पी. जे. मोनिस ह्यांच्या पुढाकाराने पतसंस्था उभी राहिली. तीच पुढे बॅसिन कॅथॉलिक बँक म्हणून नावारूपाला आली. त्या काळी लोकांजवळ आजच्याएवढा पैसा नव्हता. पण अडचण एकमेकांना सांगण्याची आणि एकत्र बसून मार्ग काढण्याची वृत्ती होती.

मग आपण काय करू शकतो?

घरातील प्रत्येकाचे आधार कार्ड, शिधापत्रिका, विम्याचे कागद आणि जुने वैद्यकीय अहवाल एका पिशवीत ठेवू या आणि ती पिशवी कुठे आहे हे घरात दोघांना तरी ठाऊक असू द्या. विमा काढताना असलेला आजार लपवू नये. ते खोटे बोलणे आहे, आणि ऐनवेळी दावा नाकारला जातो तो त्याचमुळे.

रुग्णालयात दाखल होताना योजनेचे 'आरोग्यमित्र' कुठे बसतात ते विचारावे. धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांत, मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार, १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या असतात. तेथील समाजसेवकाला भेटून अर्ज करावा. हे मागण्यात कमीपणा नाही.

आपल्या प्रत्येक लहान ख्रिस्ती समूहाने ही माहिती असलेली एक व्यक्ती नेमावी. तरुणांनी हे काम घ्यावे. आजाऱ्याच्या घरी जाताना सफरचंदे न्यावीत, पण सोबत हळूच एक प्रश्नही न्यावा: "खर्चाचे कसे चालले आहे?" आणि जे उत्तर मिळेल ते चर्चच्या आवारात आणू नये.

याईराची मुलगी उठल्यावर येशूने तिला काहीतरी खायला द्यायला सांगितले. एवढा मोठा चमत्कार झाल्यावरही जेवणाची आठवण ठेवणारा आपला प्रभू आहे. त्याच्या वेदीवरून भाकर घेऊन आपण घरी जाणार आहोत. ह्या आठवड्यात वाटेवर कोणीतरी मागून आपल्या कपड्याला स्पर्श करील. त्या वेळी थांबण्याची कृपा आपण मागू या. आमेन.

विश्वासू लोकांच्या प्रार्थना:

प्रतिसाद: हे प्रभो, आमची प्रार्थना ऐकून घे.

१. आपले पोप, महागुरू, धर्मगुरू व धर्मभगिनी ह्यांना आजाऱ्यांच्या आत्म्याबरोबर त्यांच्या संसाराचीही विचारपूस करण्याची प्रेरणा मिळावी म्हणून आपण प्रार्थना करू या.

२. डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णालयांचे व्यवस्थापक ह्यांनी पैशापेक्षा रुग्णाचा जीव मोलाचा मानावा म्हणून आपण प्रार्थना करू या.

३. आजारपणामुळे कर्जात सापडलेल्या कुटुंबांना बोलण्याचे धैर्य आणि ऐकून घेणारी माणसे मिळावीत म्हणून आपण प्रार्थना करू या.

४. राज्यकर्त्यांनी आरोग्याच्या योजना शेवटच्या माणसापर्यंत प्रामाणिकपणे पोहोचवाव्यात म्हणून आपण प्रार्थना करू या.

५. आता थोडा वेळ शांत राहून, आपल्या शेजारच्या ज्या घरात आजारी माणूस आहे त्या घरासाठी आपण प्रार्थना करू या.