आरसा, खिडकी आणि साक्षी

एसएलआर कॅमेऱ्यात भिंगातून आलेला प्रकाश आरशावरून वळून डोळ्यापर्यंत पोहोचतो, त्यामुळे छायाचित्रकाराला भिंगाचीच दृष्टी लाभते. परंतु संवेदकावर चित्र उमटण्याच्या नेमक्या क्षणी तो आरसा वर उचलला जातो आणि पाहणाऱ्यासमोर अंधार होतो. रेंजफाइंडरमध्ये, उदाहरणार्थ २००६ च्या लायका एम८ मध्ये, डोळा वेगळ्या खिडकीतून पाहतो व दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून अंतर साधतो. जवळच्या वस्तूंबाबत खिडकी आणि भिंग यांच्या जागांतील फरकामुळे पडणारी तफावत, म्हणजे पॅरलॅक्स, येथे उरतेच. इंद्रिय आणि विषय यांच्या संनिकर्षातून, म्हणजे संयोगातून, उपजणाऱ्या ज्ञानाला प्रत्यक्ष मानणारे न्यायदर्शन एसएलआरकडे झुकेल. सांख्यांच्या अलिप्त साक्षी पुरुषाला मात्र घटनेच्या क्षणीही दृष्टी न झाकणारा रेंजफाइंडरच अधिक मानवेल.