गारव्याचा जमाखर्च

बँकेत वीस वर्षे काढलेल्या माणसाला पाप-पुण्य कळत नाही असे नाही. फक्त ते त्याला 'जमा' आणि 'नावे' अशा दोन रकान्यांत दिसते. एका खात्यावर रक्कम जमा झाली, की दुसऱ्या कुठल्यातरी खात्याला ती नावे पडलीच पाहिजे. ही द्विनोंदी पद्धत मी बी.कॉम.ला शिकलो. ती पैशापुरती नाही, हे मला माझ्या गाडीच्या एसीने शिकवले.

गाडी जुनी आहे. कंपनीचे नाव सांगत नाही. म्हातारपणी कुणाचे माहेर काढू नये. बदलीने मला आणून टाकले त्या सास्तूरचा उन्हाळा मात्र दरवर्षी नवाकोरा. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि चाळिशी ओलांडलेला मीही त्याच्याबरोबर तापतो. अशाच एका दुपारी एसीतून गरम वाफा येऊ लागल्या. सौ. म्हणाली, "अहो, हे थंड करायचं मशीन आहे की भाकरी भाजायचं?"

मेस्त्रींनी बॉनेट उघडून निदान केले, "सायेब, ग्यास संपलाय. ऱ्हायलेला सोडून देतो न् नवा भरतो. दोन-तीन म्हैने बगायचं काम न्हाई."

"आणि नंतर?"

"नंतर आपण हावच की!"

आता, हा गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे. तो जळत नाही, खर्च होत नाही. बंद नळीत गोल गोल फिरतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो. पुढच्या जाळीत तो आपली उष्णता बाहेर टाकून पातळ होतो. मग बारीक छिद्रातून सुटला की डॅशबोर्डामागच्या कॉइलमध्ये उकळतो आणि उकळताना आपल्या भोवतीची उष्णता ओढून घेतो. म्हणजे एसी गारवा तयार करतच नाही! आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, वर स्वतःच्या मेहनतीचे कमिशन तिच्यात मिसळतो. जमा : मी. नावे : गाडीबाहेर उभा असलेला इसम.

आणि गॅस 'संपला' म्हणजे गळाला. खात्यातली शिल्लक आपोआप संपत नाही. ती कुठेतरी गेलेली असते. कुठे? तर आकाशात. बँकेत जी रक्कम कुणाच्या नावावर टाकायची ते ठरत नाही, ती आम्ही सस्पेन्स खात्यात ठेवतो. आकाश हे मानवजातीचे सस्पेन्स खाते आहे. तिथे काहीही टाका, लगेच कुणी तक्रार करीत नाही.

पण सस्पेन्सचा मेळ एक दिवस घालावाच लागतो. अमेरिकेतल्या थॉमस मिज्लींनी १९३० साली नवा फ्रेऑन वायू छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवून दाखवली. सिद्ध काय केले? ना विषारी, ना ज्वलनशील. सज्जन वायू! १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी हिशेब मांडला, की हाच सज्जन वर जाऊन ओझोनचा थर खातो. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचे भगदाड जाहीर झाले आणि १९८७ मध्ये माँट्रियलचा करार झाला. मिज्ली १९४४ सालीच वारले होते.

त्यानंतर गाड्यांत आर-१३४ए आला. माझ्या गाडीत तोच आहे. तो ओझोनच्या वाटेला जात नाही, पण पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट जबर. छोट्या गाडीत तो अर्धा किलोच्या आतबाहेर मावतो. कारकुनाला आकडा दिसला की हात शिवशिवतात. अर्धा किलो गळणे म्हणजे सुमारे ७०० किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे सुमारे ३०० लिटर पेट्रोलचा धूर. म्हणजे लिटरला १५ किलोमीटर धरले तर ४,५०० किलोमीटर. गाडी जागची न हलता दिल्लीला जाऊन, परत येऊन, पुन्हा दिल्लीला पोचली! हे वायू कमी करण्याचा किगालीचा करार २०१६ मध्ये झाला, भारताने त्याला २०२१ मध्ये मान्यता दिली आणि २०४७ पर्यंत हप्त्याहप्त्याने ८५ टक्के कपात कबूल केली.

मी हा हिशेब मांडत असता गॅरेजच्या बाकावर बसलेले एक आजोबा म्हणाले, "आमच्या माळवदाला कशाचा आला एसी! हात-हातभर रुंद भिती. बाहेर आग, आत गार."

मग ते गप्प झाले. सास्तुरात हे वाक्य पुढे कुठे जाते ते सगळ्यांना ठाऊक असते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे त्याच दगडमातीच्या भिंती आणि तीच मातीची जड छते झोपलेल्या माणसांवर आली. या पट्ट्यात हजारो माणसे गेली. इथे मला विनोद सुचत नाही.

ज्यांनी त्या भिंती बांधल्या त्यांना दोष देता येईल का? मुळीच नाही. त्यांना माहीत नव्हते. मिज्लींनाही नव्हते. पण भूकंपानंतर इथे कुणी पुन्हा तसल्या भिंतीवर तसलेच माळवद चढवू लागला, तर आपण त्याला अडवू. फरक भिंतीत नाही, माहितीत आहे. मला वाटते, नीतीचा सगळा प्रश्न एवढाच आहे : मेळ लागण्यापूर्वीची नोंद सस्पेन्समध्ये चालते, खातेदाराचे नाव कळल्यावर ती तिथेच ठेवली, तर तिला आमच्याकडे अफरातफर म्हणतात.

मेस्त्रींना म्हटले, "सोडू नका. आधी गळती शोधायची." उरलासुरला गॅस सिलिंडरात ओढून घेणारे मशीन असलेला माणूस सोलापुरात सापडला. त्याने नळीच्या सांध्यातली कडक झालेली रबरी रिंग बदलली, व्हॅक्यूम ओढला आणि बॉनेटखालच्या चिठ्ठीप्रमाणे काट्यावर तोलून गॅस भरला. खर्च तिप्पट आला. सौ. म्हणाली, "आकाशाकडून पावती घेतलीत ना?"

पावती मिळत नाही. आणि गळती थांबली तरी माझी उष्णता बाहेरच्यांच्या नावे पडायची थांबत नाही. एसी लावायचा तर तेवढे कर्ज राहणारच. बाजाराच्या दिवशी सौ. भाजी घेत असते आणि गाडी मावशींच्या टोपलीला खेटून उभी असते, तेवढा वेळ मात्र मी इंजिन बंद ठेवतो. घाम येतो. पण तो माझाच, माझ्याच खात्यावर नावे पडलेला.