ज्या होडीत आपण बसणार नाही ती कशी बांधावी?

मनुष्य प्रामाणिक असतो तो स्वभावाने, आणि लबाड असतो तोही स्वभावानेच, अशी पुष्कळांची समजूत आहे. ही समजूत कितपत खरी, हे ताडून पाहण्यास आपल्या किनाऱ्यावरील एक जुना धंदा फार उपयोगी पडतो. घरच्या अंगणात, हातांनी, लाकडाची होडी बांधणे हा तो धंदा होय.

शीळफाट्यावर आज जो उभा राहील त्याला येथे होडीची गोष्ट काढणे विलक्षण वाटेल. मुंब्रा, पनवेल आणि कल्याण यांकडे जाणारे रस्ते येथे एकत्र येतात, आणि मालमोटारींची रीघ रात्रीही खंडत नाही. परंतु येथून थोड्याच अंतरावर, मुंब्रा व दिवा यांच्या पलीकडे, उल्हास नदीची खाडी आहे. तिच्या काठच्या कल्याण बंदराचा उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक ग्रंथात आढळतो. इ. स. १६५७ साली कल्याण व भिवंडी शिवाजी महाराजांच्या हाती आल्यावर मराठ्यांच्या आरमाराचा आरंभ याच खाडीपासून झाला. राजाची जहाजे झाली तरी मोजकीच. कोळ्यांच्या होड्या मात्र गावोगाव असत, आणि त्या बहुधा घराजवळच्या मोकळ्या जागेतच बांधल्या जात.

होडी बांधण्याची रीत थोडक्यात अशी. प्रथम पठाण, म्हणजे होडीच्या तळाचा लांब कणा, ओंडक्यांवर सरळ बसवावयाचा. मग बरगड्यांप्रमाणे वाकडी लाकडे त्यावर उभी करावयाची. ती वाकडी कापून काढण्यापेक्षा, जे झाड मुळातच वाकडे वाढले आहे तेच निवडणे बरे. कारण कापलेल्या लाकडाच्या शिरा तुटतात व तेथेच ते मोडते. मग फळ्या जडवावयाच्या, आणि त्यांच्या सांध्यांत कापूस ठासून त्यावर राळ व तेल द्यावयाचे. जाणता मिस्त्री कागदावर आकृती काढीत नाही. माप त्याच्या डोळ्यांत असते. जेथे ऐपत असेल तेथे साग वापरावा, कारण सागाच्या अंगी तेल असते. त्यामुळे तो लवकर कुजत नाही, आणि विलायती ओक लाकडातील आम्लाने लोखंडी खिळे जसे झिजतात तसे सागात झिजत नाहीत.

आता वाचकांनी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. फळीच्या आतल्या अंगास गाठ राहिली, खिळा आखूड मारला, किंवा सांध्यात कापूस कमी भरला, तर तेल-रंग दिल्यावर हे दोष कोणाच्याही दृष्टीस पडत नाहीत. शेजारी होडीची स्तुतीच करतील. परंतु पाणी स्तुती करीत नाही. ते कच्चा सांधा शोधून आत शिरते. आणि ते शिरेल तेव्हा होडीत कोण असणार? जो बांधतो तोच, आणि त्याचे मुलगे. म्हणून अंगणात होडी बांधणारा मनुष्य न दिसणारा सांधाही दोनदा तपासतो.

येथे प्रश्न उत्पन्न होतो. बुडण्याच्या भयाने जो नीट काम करितो त्याला सदाचारी म्हणावे काय? कित्येक म्हणतील, हा नुसता शहाणपणा आहे, सद्गुण नव्हे. हे म्हणणे कठोर असले तरी त्यात तथ्य आहे. आपलाच जीव वाचविण्यास सचोटी लागत नाही. तथापि ते पूर्ण सत्यही नव्हे. वीस वर्षे ज्याने प्रत्येक सांधा तपासला, त्याचा हात वाईट काम करण्यास सहज वळत नाही. भयाने लागलेली सवय पुढे भयावाचूनही टिकू शकते. ती खरोखर टिकली की नाही, हे मात्र तो मनुष्य दुसऱ्याची होडी बांधावयास घेतो तेव्हाच कळते.

अशी कसोटी आपल्या मुंबईत पुष्कळांची लागली. इ. स. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी कारागीर सुरतेहून मुंबईस आले, आणि त्यांच्या घराण्याने पुढे सुमारे दीडशे वर्षे तेथील गोदीत जहाजे बांधली. त्या घराण्यातील जमशेटजी बमनजी यांनी मलबारी सागाचे ‘ट्रिंकोमाली’ नावाचे लढाऊ जहाज बांधले. ते १८१७ साली पाण्यात उतरले. बांधणारे मुंबईस राहिले, आणि जहाज इंग्रज खलाशांना घेऊन दूरदेशी गेले. त्याचे सांधे कच्चे असते तरी वाडियांच्या घरचे कोणी बुडाले नसते. ते जहाज आज दोनशे वर्षांनंतरही इंग्लंडातील हार्टलपूल येथे पाण्यावर तरंगत आहे.

आपल्या काळातील उदाहरणही आहे. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातील चित्रावरून गोव्यात दिवाडी बेटावर एक जहाज बांधण्यात आले. केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या गेल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते पाण्यात उतरले, मे महिन्यात कारवार येथे त्यास ‘कौंडिण्य’ हे नाव मिळाले, आणि डिसेंबरात ते पोरबंदरहून मस्कतकडे निघाले. जानेवारी २०२६ मध्ये ते तेथे सुखरूप पोहोचले. ज्या नौसैनिकांनी हा प्रवास केला त्यांनी आपला जीव दुसऱ्यांच्या हातच्या टाक्यांवर ठेवला होता.

कोणी म्हणेल, वाडियांस कीर्तीची व पुढील कामाची चिंता होती, म्हणून ते नीट वागले. असेल. परंतु कीर्ती सांभाळणारा मनुष्य ओळखीचा असावा लागतो. जेथे बांधणारा बांधून निघून जातो व राहणारा त्याला कधी पाहतही नाही, तेथे कीर्ती पहारा करीत नाही.

याचे दुःखद प्रमाण शीळफाट्यानेच दिले आहे. ४ एप्रिल २०१३ रोजी येथे परवानगीवाचून उभारलेली बहुमजली इमारत कोसळली. वरचे काम अद्याप चालूच होते, आणि खालच्या मजल्यांवर गरीब कुटुंबे राहावयास आली होती. ७४ माणसे मेली. त्यांत पुष्कळ लेकरे होती. ती इमारत थोड्या महिन्यांत घाईने उठविली होती. भिंतीच्या आत काय घातले आणि काय घातले नाही, हे गिलावा झाल्यावर कोणास दिसणार? ज्यांनी ती बांधली त्यांची मुले त्या खोल्यांत निजत नव्हती.

यावर कायदा हा उपाय आहे असे आपण म्हणतो, आणि कायदा हवाच. परंतु त्या प्रकरणी पुढे ज्यांस अटक झाली त्यांत पालिकेचे अधिकारी व पोलीसही होते. पहारेकऱ्यावर पहारा ठेविला तरी शेवटचा पहारेकरी कोणाच्या तरी अंतःकरणातच बसवावा लागतो. त्याला आपण सदसद्विवेकबुद्धी म्हणतो. होडीच्या बाबतीत जे काम पाणी करिते, तेच परक्याच्या कामात या बुद्धीने करावयाचे असते. फरक इतकाच की पाण्याचे तोंड बंद करता येत नाही, आणि हिचे करता येते.

लाकडी होड्या आता थोड्या उरल्या. किनाऱ्यावर फायबरच्या होड्या आल्या आहेत. त्यांनी कोळ्याचे श्रम व वर्षोवर्षीची डागडुजी वाचविली. ते वाईट झाले असे मी म्हणत नाही. प्रत्येकाने आपली होडी व आपले घर स्वतःच बांधावे, असा आग्रह धरणेही वेडेपणाचे होईल. आज आपण सर्वच एकमेकांच्या होड्यांत बसलो आहो. गवंड्याच्या भिंतीखाली शिक्षक निजतो, शिक्षकाच्या हाती गवंड्याचे मूल असते, आणि दोघेही औषधवाल्याच्या पुडीवर विसंबतात.

म्हणून, प्रिय वाचकहो, जे काम झाकले जाणार आहे ते झाकण्यापूर्वी क्षणभर थांबावे, आणि येथे माझेच लेकरू बसणार असते तर मी हे असेच सोडले असते काय, असे स्वतःस विचारावे. घेणाऱ्यानेही विचार करावा. ज्याला निवड करण्यास जागाच नाही अशा गरिबास दोष देणे अन्यायाचे आहे. परंतु ज्याची ऐपत असून जो केवळ स्वस्त व झटपट मागतो, तो बांधणाऱ्यास कापूस कमी भरण्याची सूचनाच देतो. चांगल्या कामास लागणारा वेळ आणि त्याचे योग्य मोल देणे, हाही सचोटीचाच एक भाग आहे.