संतपण कोणाचें?

संतपण हें निवडक विरक्तांचें वतन कीं प्रत्येकाचें कर्तव्य? कॅथलिक परंपरेंत हा प्रश्न जुना आहे. १६०९ सालीं फ्रान्सिस द सालेस यांनीं प्रपंचांतील माणसांसाठीं भक्तिमार्गावर ग्रंथ लिहिला. १९६४ सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें पावित्र्याची हाक सर्वांसच आहे, असें स्पष्ट सांगितलें.

आम्हां ठाणेंकरांस उदाहरण दूर शोधावयास नको. २०१४ पर्यंत ठाणें जिल्ह्यांत असलेल्या वसईचा गोन्सालो गार्सिया जपानांत व्यापार करीत असे. पुढें तो फ्रान्सिस्कन झाला, पण धर्मगुरु म्हणून नव्हे, साधा बंधु म्हणून. १५९७ सालीं नागासाकी येथें त्यास क्रुसावर मृत्यु आला. १८६२ सालीं तो संत ठरला.

यावर कोणी म्हणेल, हौतात्म्य लाभलें म्हणून तो संत. डोंबिवलीहून रोज गाडी गांठणाऱ्या कारकुनानें काय करावें? आमच्या मतें हौतात्म्य ही एका दिवसाची गोष्ट; त्या दिवशींचें धैर्य आदल्या शेंकडों साध्या दिवसांत सांठलेलें असतें. ते दिवस कारकुनासही आहेत. प्रपंचांत राहून संत झालेल्या एकनाथांच्या महाराष्ट्रास हें नवें वाटूं नये.

मात्र येथें एक पळवाट आहे. ‘माझें काम हीच माझी पूजा’ असें म्हणून आपण सुटका करून घेतों. काम तर वेतनासाठींही चोख होतें. जेथें लाभ नाहीं, पाहणारा नाहीं आणि समोरचा मनुष्य आपणांस आवडतही नाहीं, तेथें आपण कसे वागतों, हीच खरी कसोटी. हाक सर्वांस असली तरी शिखर तेवढेंच उंच आहे. ‘तें आमचें काम नव्हे’ असें म्हणण्याची सोय मात्र आतां उरली नाहीं.